दोन कागद आलेत, एकावरही सही करू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला. फोनच करणार होते, पण फोनवर तू 'हो मावशी, हो मावशी' म्हणशील आणि दुपारी सही करून मोकळी होशील, म्हणून लिहितेय.

चोपड्याला सासरी केळीच्या व्यापारासाठी कर्ज काढायचंय, त्यात तुला जामीनदार व्हायला सांगतायत. पारोळ्याहून भावाचा निरोप आलाय की हक्कसोडपत्र तयार आहे, येऊन सही कर. आणि तू विचारतेस, लग्न झालं म्हणजे नवऱ्याचं कर्ज माझंच ना, आणि बाबांच्या शेतात आता माझं काय उरलं?

लग्नाने तुझ्यावर कुणाचं कर्ज आलेलं नाही आणि तुझं शेतही गेलेलं नाही. कर्ज येईल ते सहीने आणि शेत जाईल तेही सहीनेच. गोव्यात जुन्या पोर्तुगीज कायद्यामुळे लग्न लागलं की नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक होते. आपल्याकडे तसं नाही. नवऱ्याचं ते नवऱ्याचं, तुझं ते तुझं. टीव्हीवर घटस्फोट झाला की बायको अर्धी इस्टेट घेऊन जाते, ते डोक्यातून काढ. त्याच्या सातबाऱ्यावर तो हयात असताना नुसत्या लग्नाने तुझं नाव लागत नाही. पोटगीचा हक्क आहे, घरात राहण्याचा हक्क आहे, पण मालकी नाही. मग त्याच्या कर्जाची मालकी तरी तुझ्याकडे कशी येईल? उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तरी कर्ज देणारे तुझ्या पगाराला हात लावू शकत नाहीत. त्याच्याकडून वारशाने तुला जेवढं मिळालं असेल, तेवढ्यापुरतंच देणं तुझ्याकडे येतं.

जामीनदार झालीस की हे सगळं संपलं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की मूळ कर्जदार जेवढा जबाबदार, तेवढाच जामीनदार. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असंही म्हणता येत नाही. बँक थेट तुझ्या दारात येऊ शकते. 'नुसती सही आहे' असं जो म्हणतो त्याला विचार, नुसतीच असेल तर हवी कशाला?

माझी थोरली जाऊ अशीच बसली होती, समोर कागद. मला म्हणाली, "करी टाक ना वं बहिन, घरनंच काम शे." तिने केली, मी केली नाही. दिरांचा कापसाच्या जिनिंगमधला पैसा बुडाला. जाऊबाईंनी माहेरच्या पैशातून घेतलेला प्लॉट लिलावात गेला. माझ्या नावावरचं अमळनेरचं घर राहिलं, आणि पुढे त्यांचीच दोन्ही मुलं त्याच घरात राहून शिकली. तरी दीर माझ्याशी कित्येक वर्षं बोलले नाहीत, माझ्या मुलीच्या लग्नालाही आले नाहीत. त्याचं दुःख आजही आहे. ते बोलले असते तर बरं झालं असतं. पण तोच कागद आज पुढे ठेवला तरी मी सही करणार नाही. लोक म्हणतात ही वकीलबाई घरं फोडते. मी कोर्टात घरं फुटलेली पाहिली आहेत ती पैसा बुडाल्यावर, कोऱ्या फॉर्मवर घेतलेल्या सह्या बाहेर आल्यावर. बाईने वाचायला मागितलं म्हणून फुटलेलं घर मी पाहिलेलं नाही.

आता माहेरचं. बाबा गेले, मृत्युपत्र केलं नाही. शेत वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने तू जन्मापासून भावाच्या बरोबरीची सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. बाबांनी स्वतः घेतलेलं असेल तरी आई, भाऊ आणि तू पहिल्या वर्गातले वारस, सारखा वाटा. तुझं लग्न झालं की नाही, हा प्रश्न यात कुठेच येत नाही. भावाला द्यायचं असेल तर दे, तुझं आहे, तुझी मर्जी. पण 'बहिणींनी सोडायचंच असतं' म्हणून देऊ नकोस. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं किती कठीण असतं, हे मी त्या अशिलांकडून शिकले ज्या रडत येतात आणि रडतच जातात.

सोन्याचं तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. जळगावच्या सराफाकडून आईने केलेलं, लग्नात अंगावर घातलेलं, ते स्त्रीधन. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ते सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही, सांभाळणाऱ्याकडे ती ठेव असते. तुझ्या संमतीशिवाय ते कुणी गहाण टाकू शकत नाही. मंगळसूत्राला तर कायद्याने वेगळं कवच आहे: धर्मरूढीने बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने दिवाणी कोर्टाच्या जप्तीतून वगळलेत. पावत्या कुठे आहेत? आईकडे असतील तर फोटो काढून घे, आजच.

नवऱ्याला मदत करायची आहे ना? कर जरूर. त्यांना मुदतीचा विमा घ्यायला सांग, आणि घेतानाच तो 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्यायला सांग. पॉलिसी बायको-मुलांच्या नावे ट्रस्टसारखी होते, आणि सावकारांना फसवायचा हेतू नसेल तर ते पैसे त्यांच्या हाती लागत नाहीत. आणि पुढे घराच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून तुझं नाव हवं असेल, तर खरेदीखतावरही हवं. नुसत्या हप्त्याला नाव आणि घराला नाही, असा कागद आला की उठून ये.

शनिवारी घरी ये. पारोळ्याच्या शेताचा सातबारा, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा, आणि फेरफाराच्या जुन्या नोंदी काढून आण; सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, ते बघायचंय. बँकेच्या फॉर्मची झेरॉक्सही आण, कोरी जागा सोडली असेल तरी आण. जावईबापूंनाही घेऊन ये. ते चिडतील म्हणून टाळू नकोस, विम्याचं मला त्यांच्याशीच बोलायचंय.

तुझी,
मावशी