वाचक विचारतात: जुनी मर्सिडीज घ्यायची का, ठेवायची का?

प्रश्न: नमस्कार सर, २०११ ची मर्सिडीज एस ३५० डिझेल बघून आलोय. दिल्ली पासिंग आहे, आतून एकदम चकाचक, आणि मागतायत एका नवीन हॅचबॅकच्या टॉप मॉडेलएवढे पैसे. घरचे म्हणतात पांढरा हत्ती कशाला दारात बांधतोस, मित्र म्हणतात डोळे झाकून घे. रोज वापरायची नाहीये, फक्त सुट्टीला आणि गावी जायला. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: दादा, डोळे झाकून तर अजिबात नको. गाडी भारीच आहे, डब्ल्यू २२१ पिढीची एस-क्लास म्हणजे हायवेवर तासन्‌तास बसलं तरी अंग दुखत नाही अशी गाडी. पण गाडीची किंमत पडली म्हणून पार्टची किंमत पडत नसते, तुम्ही हॅचबॅकच्या पैशात घेताय पण पार्ट अजूनही पाऊण कोटीच्या गाडीचेच लागणार, आणि ते १५ वर्षांचे झालेत म्हणजे त्यातलं रबर, सील, सेन्सर सगळं साधारण एकाच काळात बदलायला येणार.

आधी कागद बघू कारण स्वस्ताईचं अर्धं कारण तिथेच आहे. दिल्लीत जुन्या डिझेलवर २०१५ मध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) आणि मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने १० वर्षांची मर्यादा आणली, पुढे त्यात फेरफार होत राहिले, पण तेव्हापासून तिकडच्या जुन्या डिझेल गाड्या कमी भावात बाहेरच्या राज्यात येतायत. ती इथे आणली की एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र), महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवा नंबर, हे सगळं तुमच्या खिशातून. वर २०११ ची म्हणजे २०२६ मध्ये १५ वर्षं भरतात, मग फिटनेस करून ५ वर्षांसाठी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, त्याची फी एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० आहे (परदेशातून आणलेल्या गाडीला ४०,०००, पण ही एस-क्लास पुण्यात चाकणला जोडलेली असेल तर तो प्रश्न नाही, तरी आरसी बघून घ्या) आणि ग्रीन टॅक्स वेगळा. हा सगळा आकडा तुमच्या आरटीओतून काढून आणा आणि विकणारा मागतोय त्या किमतीत मिळवा, मग बघा किती स्वस्त राहते ते.

आता गाडी. हिला स्प्रिंग नसतात, चारही कोपऱ्यांना हवेचे बेलो (रबरी फुगे) असतात, त्याला एअरमॅटिक म्हणतात. रबर म्हातारं झालं की त्याला बारीक चिरा जातात, रात्रभर थोडी थोडी हवा सुटते, सकाळी गाडी स्टार्ट केली की कॉम्प्रेसर ती परत भरतो आणि आपल्याला कळतच नाही, मग एक दिवस जास्त काम करून करून कॉम्प्रेसरपण जळतो आणि दोन खर्च एकदम अंगावर येतात. म्हणून विकणाऱ्याला सांगा गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेव आणि मी यायच्या आधी स्टार्ट करू नको. सकाळी जाऊन टायर आणि फेंडरच्या मधे बोटं घालून बघा, चारही चाकांना. एका कोपऱ्यात चार बोटं जातायत आणि दुसऱ्यात दोनच, तर तो कोपरा गेलाय. कंपनीचा पार्ट घेतला तर एका कोपऱ्याचा खर्च लाखाच्या घरात धरा, बाहेरचा बराच स्वस्त मिळतो पण चांगल्या मेकचाच घ्या.

इंजिन ओएम ६४२, व्ही-६ डिझेल. इंजिन दमदार आहे, नीट सांभाळलं तर लाखो किलोमीटर चालतं, पण याची एक ठरलेली दुखणी जागा आहे. ऑइल कूलर दोन्ही बाजूच्या सिलिंडरच्या मधल्या खाचेत बसवलाय, टर्बो आणि इनटेकच्या खाली, आणि त्याचे सील कडक होऊन ऑइल गळतं. गळणारं ऑइल इंजिनच्या मागच्या बाजूने खाली उतरतं, त्यामुळे बरेच मेकॅनिक क्रँकचं मागचं सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघतात. सील स्वतः स्वस्त आहेत हो, पण तिथे पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं, म्हणजे सगळी मजुरीच मजुरी. ते उघडलंच तर स्वर्ल फ्लॅपची (इंजिनात जाणारी हवा फिरवणाऱ्या झडपांची) मोटरपण तपासून घ्या, तिच्यावर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ काढणाऱ्या नळीतून) ऑइल ठिबकतं आणि ती बिघडली की गाडी लिंप मोडला जाते, ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही.

गिअरबॉक्स ७ गिअरचा ऑटोमॅटिक. टेस्ट ड्राइव्ह थंड गाडीवर सुरू करून पूर्ण तापेपर्यंत चालवा, गिअर पडताना धक्का बसतो का किंवा एकाच गिअरमध्ये अडकते का बघा. आतल्या इलेक्ट्रॉनिक प्लेटचे स्पीड सेन्सर जातात आणि ती प्लेट त्या गाडीशी कोडिंगने बांधलेली असते, भंगारातून आणली आणि बसवली असं होत नाही. ऑइल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरला बदलल्याचं बिल मागा, लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही म्हणाले तर मान डोलावू नका.

तर माझं मत, ही दिल्लीची नको. महाराष्ट्र पासिंग, एका मालकाची, बिलांची फाइल असलेली शोधा, दोन लाख जास्त गेले तरी चालतील. पैसे देण्याआधी स्टार डायग्नोसिसवर (मर्सिडीजच्या स्कॅनरवर) सगळ्या मॉड्यूलचा स्कॅन काढायला लावा, आणि ज्या किमतीला गाडी घ्याल त्याच्या निम्मे पैसे पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवता येत असतील तरच हो म्हणा. कर्ज काढून तर हिच्या वाटेला जाऊच नका.

प्रश्न: बाबांची २००५ ची ई-क्लास आहे, ते गेल्यापासून मीच चालवते, विकायची इच्छा नाही. ब्रेक पॅड संपलेत, गल्लीतला मेकॅनिक म्हणतो अर्ध्या तासात टाकून देतो, पण कुणीतरी म्हणालं हिचे ब्रेक वेगळे असतात. खरं आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ताई, खरं आहे, आणि तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. त्या मेकॅनिकला चाकाला हात लावू देऊ नका.

तुमच्या गाडीत एसबीसी ब्रेक आहेत. साध्या गाडीत पाय दाबला की त्याच जोरावर ऑइल चाकाकडे जातं, हिच्यात पेडल फक्त कॉम्प्युटरला सांगतं आणि जोर इलेक्ट्रिक पंप तयार करतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखालून गुर्र असा आवाज येतो ना, तो हाच पंप, दार उघडल्याबरोबर जागा होतो. आता विचार करा, कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) उघडाय, मेकॅनिकचा हात आत आहे आणि कुणी सहज दार उघडलं, तर पिस्टन एवढ्या जोरात बाहेर येतो की बोट चिरडू शकतं. म्हणून पॅड बदलण्याआधी स्कॅनरने ही सिस्टिम बंद करावी लागते. हे ज्याला माहितीय त्याच्याकडेच जा, आणि ओळखायला सोपंय, एसबीसी बंद कशी करता एवढंच विचारा.

या ब्रेकसाठी कंपनीने २००४ आणि २००५ मध्ये जगभर रिकॉल केले (दुरुस्तीला गाड्या परत बोलावल्या) आणि २००६ च्या फेसलिफ्टला (मॉडेल सुधारलं तेव्हा) ही सिस्टिम काढूनच टाकली. युनिट बिघडलं तर फक्त पुढच्या चाकांना ब्रेक लागतो आणि पेडल जास्त खोल जातं, खूप जोर लावून दाबावं लागतं. युनिटमध्ये ब्रेक किती वेळा दाबला याचा काउंटर असतो, तो भरला की डिस्प्लेवर मेसेज येतो. हा काउंटर शून्य करून देतो म्हणणारे भेटतील, नका करू, आकडा बदलला तरी पंप तेवढाच जुना राहतो. मेसेज आला तर युनिट बदला, खर्च मोठा आहे पण इथे काटकसर नको. तोवर दोन्ही बॅटऱ्या चांगल्या ठेवा, एक डिकीत आहे आणि एक छोटी बॉनेटखाली.

आणि तुमच्याकडचा पाऊस. गाडी झाडाखाली लावत असाल तर वायपरखालच्या जाळीत पानं साचतात, पाणी निघायची भोकं बुजतात आणि पाणी फ्यूजच्या मॉड्यूलपर्यंत जातं. मग लाइट आपोआप लागणं, काचा न चालणं, सकाळी बॅटरी उतरलेली, असे विचित्र प्रकार सुरू होतात. मे संपायच्या आत ती जाळी आणि सनरूफच्या नळ्या साफ करून घ्या. याला फार पैसे लागत नाहीत.

प्रश्न: १२ वर्षांच्या सेडानला झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) मिळत नाही म्हणतात, मग फुल इन्शुरन्स घ्यायचा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: घ्यायचा, पण काय मिळणार हे समजून. १० वर्षांवरच्या गाडीला मेटल पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, रबर, प्लास्टिक, बॅटरी, एअरबॅग यांवरही ५० टक्के, काच मात्र पूर्ण मिळते. बंपर आणि हेडलाइट प्लास्टिकचेच, त्यामुळे समोरून साधी धडक बसली तरी अर्धं बिल तुमच्यावर. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कंपनी म्हणेल तो लगेच मान्य करू नका, ५ वर्षांनंतर तो दोघांच्या संमतीनेच ठरतो. फारच कमी धरला असेल तर एका मोठ्या अपघातात गाडी टोटल लॉस होते आणि हातात जे येतं त्यात तशी दुसरी गाडी मिळत नाही.