त्याचं वाक्य त्यालाच पूर्ण करू दे

ताई, मी कोल्हापूरची, फुलेवाडीत राहते. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर वापरतो. डोकं एकदम शार्प, घरी अभ्यास करून बीए झालाय, पण बोलताना अडखळतो, नवीन माणसाला पहिल्यांदा काही कळत नाही. त्यामुळं डॉक्टर असो, शाळा असो, रेशन दुकान असो, लहानपणापासून त्याचं सगळं मीच बोलत आलेय. गेल्या महिन्यात त्याच्या बँकेत गेलो होतो. तिथं तीन पायऱ्या आहेत, म्हणून तो दरवेळी रस्त्याकडेला उन्हात थांबतो आणि मी आत जाते. यावेळी त्यानं हट्ट केला, मॅनेजरना बाहेर बोलव, मला बोलायचंय. ते आले, हा बोलायला लागला, ते माझ्याकडं बघायला लागले, मागं गाड्यांचे हॉर्न चालू, शेवटी मी त्याचं वाक्य पूर्ण केलं, म्हटलं सर याला उन्हात थांबावं लागतं, काहीतरी करा. ते म्हणाले, इथून पुढं शिपाई बाहेर येऊन सही घेईल, पैसे हातात देईल. मी थँक्यू म्हटलं. घरी आल्यावर त्यानं शेजारच्या खोलीतून मला व्हॉट्सॲप केलं, "मला पैसे बाहेर नको होते. मला आत जायचं होतं. तू विचारलंच नाहीस." तेव्हापासून नीट बोलत नाही. आई म्हणते, तू बोललीस ते बरंच झालं, चारचौघांत त्याचं तोंड वाकडं होतं, लोक बघत बसतात. दिवाळीनंतर माझं लग्न आहे, सासर निपाणीला. मी गेल्यावर याच्यासाठी कोण बोलणार, या विचारानं झोप लागत नाही. माझं काय चुकलं?

पोरी, सरळ विचारलंयस तर सरळच सांगते. मॅनेजरसमोर तू जे मागितलंस ते तुझ्या भावाचं मागणं नव्हतंच. तो उन्हात थांबतो हे तुला बघवत नव्हतं, बहीण आहेस, बघवणार नाहीच, पण त्याला खुपत होतं ते वेगळं होतं. त्याला इतर खातेदारांसारखं दारातून आत जायचं होतं, पंख्याखाली बसून नंबरची वाट बघायची होती आणि काउंटरवर स्वतः स्लिप द्यायची होती. आता त्या बँकेत काय झालं बघ, शिपाई बाहेर यायला लागला म्हणजे पायऱ्यांचा विषयच संपला, आणि तोही आपण थँक्यू म्हणून संपवला. त्याला राग आलाय तो याचा आहे.

तू वर्षानुवर्षं त्याच्यासाठी जे केलंयस ते थोडं नाही, आणि तू नसतीस तर तो बीएपर्यंत पोचला असता का हे मी सांगू शकत नाही. पण तो आता २६ वर्षांचा बाप्या माणूस आहे.

सेरेब्रल पाल्सीत बोलणं का अडकतं हे तुला घरात राहून माहीतच असेल, तरी वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. मेंदूचा जो भाग हालचालींवर ताबा ठेवतो त्याला जन्माच्या आधी, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी इजा झालेली असते, मग ओठ, जीभ, श्वास यांचा मेळ बसायला वेळ लागतो. विचार तयार असतो, शब्दही तयार असतो, तोंड मागं राहतं. आणि समोरच्यानं घाई केली की स्नायू आणखी ताठ होतात, म्हणजे जिथं हॉर्न वाजतायत आणि मॅनेजर घड्याळ बघतायत तिथं त्याचं बोलणं घरच्यापेक्षा दुप्पट अवघड होणार. अशात तू वाक्य पूर्ण केलंस, आणि ते चुकीचं पूर्ण झालं, तर त्याला तुला खोडून परत पहिल्यापासून सुरुवात करायची. एवढा दम कुणात असतो? तो गप्प बसतो, आपल्याला वाटतं बरोबर बोललो आपण. दुसरं म्हणजे, दरवेळी उत्तर तुझ्याकडनं आलं की समोरचा माणूसही शिकतो की या पोराकडं बघायची गरज नाही, बहिणीकडं बघायचं. त्या मॅनेजरांची मान तुझ्याकडं वळली ती अशी.

मग आता करायचं काय. आज जेवणं झाल्यावर त्याच्यासमोर बस, "माझं चुकलं, परत बँकेत जाऊया का, आणि तिथं मी काय करू ते तू सांग" एवढंच बोल आणि थांब. तो कदाचित म्हणेल नको आता, कंटाळा आलाय. तर नको. भांडायचं की नाही हेही त्यालाच ठरवू दे, दिव्यांग माणसानं रोज उठून हक्कासाठी लढलंच पाहिजे असं काही नसतं, त्यालाही एखादा रविवार क्रिकेट बघण्यात घालवावासा वाटतो.

पण हो म्हणाला तर घरी एकदा ठरवून घ्या. त्यानं खूण केली तरच तू बोलायचंस, खूण कुठली ते तो सांगेल, बोट उचलणं असेल, तुझ्याकडं बघणं असेल. आणि बोलशील तेव्हा त्याचेच शब्द जसेच्या तसे बोल. "तो म्हणतोय, मला आत यायचंय" इतकंच, त्यात तुझं ऊन, तुझं बिचारा, तुझं काहीतरी करा, काही घालू नकोस. उभी राहताना त्याच्या आणि समोरच्याच्या मधे येऊ नकोस, खुर्चीच्या बाजूला आणि जरा मागं थांब. मॅनेजर तुझ्याकडं बघायला लागले की तू भावाकडं बघ, माणूस नजर कुठं जाते तिकडं बघतोच. "याला काय पाहिजे हो?" असं विचारलं तर "त्यालाच विचारा की, सांगतोय तो" म्हण आणि मग खरंच गप्प राहा, जीव वरखाली झाला तरी. शांतता अर्धा मिनिट ताणली तरी काही बिघडत नाही. साहेबांना बसायला खुर्ची मागव, उभ्या माणसाशी मान वर करून बोलताना तुझ्या भावाला दम आधीच कमी पडत असणार. एक तारखेच्या गर्दीत जाऊ नका, महिन्याच्या मधल्या दिवशी दुपारी आधी वेळ घेऊन जा.

आणि तो व्हॉट्सॲपवर इतकं नेमकं लिहितो तर तोच फोन बँकेतपण चालेल की! चार-पाच वाक्यं घरून टाईप करून न्यायची, अँड्रॉइड फोनमध्ये लिहिलेलं मराठीत वाचून दाखवायची सोय आहे, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. ज्यांना लिहिता येत नाही अशा मुलांसाठी आयआयटी मुंबईनं जेलो नावाचं चित्रांचं ॲप केलंय, ते मराठीत आहे, फुकट आहे, कुणाच्या घरी लहान मूल असेल तर जरूर बघा. फक्त मशीननं बोललं की आता तोंडानं बोलायची गरज नाही असं त्याला कुणी सांगू नये. कधी तोंडानं, कधी फोननं, कधी तुझ्या तोंडून, ते तो ठरवेल.

आता अर्जाचं. आत जायची सोय करा म्हणून बँकेला लेखी अर्ज द्यायचा. अर्ज त्याच्या नावानं, सही त्याची, सही जमत नसेल तर अंगठा. तुझं नाव त्यात कुठंही नको. दोन प्रती काढा आणि दुसरीवर पोच घेतल्याशिवाय तिथनं हलू नका. त्यात लिहायचं की दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणं लोकांच्या वापरातली इमारत, सरकारी असो की खासगी, दिव्यांगांना जाता येईल अशी करणं बंधनकारक आहे. जुन्या इमारतींसाठी नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. राजीव रतुरी म्हणून स्वतः अंध असलेले कार्यकर्ते आहेत, त्यांनी २००५ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली होती, त्यात नोव्हेंबर २०२४ ला कोर्टानं सांगितलं की हे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा. एवढी वर्षं एक माणूस पायऱ्या, रॅम्प आणि फूटपाथसाठी कोर्टात उभा राहतो, हे तुझ्या भावाला जरूर वाचून दाखव, नाहीतर राहू दे, तोच वाचेल.

रॅम्प करतो म्हणाले तर उतार किती ते विचारा. एक इंच उंचीला बारा इंच लांबी असा हिशोब असतो. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या धरल्या तर उंची अठरा इंच, म्हणजे अठरा फूट रॅम्प लागतो. बरेच ठिकाणी फळी टाकल्यासारखा चार-पाच फुटाचा उभा चढ करून रंगवून ठेवतात, त्यावरनं खुर्ची ढकलायला दोन माणसं लागतात आणि उतरताना जीव मुठीत. जागाच नसेल तर रॅम्प वळवून घेता येतो, लिफ्ट बसवता येते, बाजूचं दार उघडता येतं, हे सगळं त्याच्यासमोर, त्याला विचारून ठरवा, कारण खुर्चीत तो बसणार आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन तक्रार करता येते, फी नाही. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथं पण अर्ज देता येतो. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं दिव्यांग व्यक्तीला मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. कोल्हापूरकरांनी हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी किती वर्षं लावून धरलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं, आपल्या गावाला नेट लावायचं कुणी शिकवायला नको.

एक गोष्ट मात्र जपून. तुझं लग्न जवळ आलं की एखादे काका नाहीतर मामा म्हणतील, आईच्या नाहीतर तुझ्या नावावर त्याचं कायदेशीर पालकत्व काढून ठेवा, सह्यांची कटकट नको. सेरेब्रल पाल्सीसाठी तशी सोय आहे खरी, नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं अर्ज करावा लागतो. काही घरांना त्याची खरोखर गरज असते. पण तुझा भाऊ शिकलेला, स्वतःचं भलंबुरं कळणारा, मला काय पाहिजे ते तीन वाक्यांत लिहून सांगणारा आहे. बोलणं अस्पष्ट आहे म्हणून त्याच्या सह्या दुसऱ्याच्या हातात देणं याला मी कधीच हो म्हणणार नाही. २०१६ च्या कायद्यात स्पष्ट आहे की दिव्यांग व्यक्तीला आपले पैसे, आपली मालमत्ता सांभाळायचा इतरांइतकाच हक्क आहे. काकांना हे तू सांगू नकोस, त्याला सांगू दे.

आईंचं म्हणणं मला कळतं. लोक बघतात, काही जण तोंडावर हसतात पण, आणि आपल्या लेकराकडं असं कुणी बघितलं की आईच्या पोटात गोळा येतो. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना एकदा सोबत ने, मागं बसव, आणि तो बोलत असताना कुणी मधे तोडलं नाही तर समोरच्याला किती कळतं ते त्यांना बघू दे.

आणि तुझा तो मोठा प्रश्न, मी गेल्यावर कोण बोलणार. मी तो असा विचारेन की तू गेल्यावर त्याचं ऐकून घेणारे किती जण असतील? त्याचं बोलणं तुला कळतं कारण तू रोज ऐकतेस, दुसरं काही गुपित नाही त्यात. गल्लीतला रिक्षावाला, रेशन दुकानदार, मेडिकलवाला, त्याचे एक-दोन मित्र, यांच्याशी त्याला तुझ्याशिवाय बोलू दे, आठ-पंधरा दिवसांत त्यांचे कान बसतात. आत्तापर्यंत बसले नाहीत कारण तू शेजारी होतीस. रंकाळ्यावर मित्राबरोबर जाऊ दे, तू घरी थांब. मिसळ खायला गेला आणि कट नको म्हणताना जास्त कट आला तरी चालेल, त्याचं तो बघेल.

शिवाय त्याच्यासारखी माणसं त्याला भेटली पाहिजेत, ही तर मी सगळ्यात आधी सांगायला हवी अशी गोष्ट. आपल्या कोल्हापुरातच नसीमादीदी हुरजूक यांनी, स्वतः व्हीलचेअरवर असताना, १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली, उचगावला त्यांचं वसतिगृह आहे, फुलेवाडीपासून गाव ओलांडलं की झालं. तिथं जा. दिव्यांग माणूस दुसऱ्या दिव्यांग माणसाला आपल्या हक्काबद्दल बोलताना ऐकतो तेव्हा जे होतं ते तुझ्या-माझ्या कितीही समजावण्यानं होत नाही. कुठलं ऑफिस ऐकतं, कुठं नेट लावायला लागतो, अर्जाला जोडायचं काय, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, सोबत का ठेवायचं, हे सगळं तिथली माणसं स्वतः भोगून शिकलेली असतात.

लग्नाचं कार्यालय अजून ठरलं नसेल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी त्याला बरोबर घेऊन जा. दाराला किती पायऱ्या, स्टेजवर चढायला काय, जेवणाचा हॉल वर आहे का खाली, बाथरूमचं दार खुर्ची जाईल एवढं आहे का, हे कार्यालयवाल्यांना त्यालाच विचारू दे, आणि तुमच्याकडं भाऊ कान पिळतो तेव्हा तो कुठं असणार, स्टेजवर का खाली, हे मामालोकांनी परस्पर ठरवायच्या आत त्याला विचारून घे.