वेल्डिंगचा धूर ‘मर्यादेत’ आला म्हणजे त्यातले नॅनोकणही मोजले गेले का?

तुमचा प्रश्न असा: भाऊ वाळूज एमआयडीसीत वेल्डर आहे, संध्याकाळी त्याची छाती भरून येते, कंपनीने हवा तपासली तर रिपोर्ट मर्यादेत आला. मग नॅनोकण, म्हणजे धुरातले डोळ्यांना न दिसणारे अतिबारीक कण, मोजले की नाही?

वजनात मोजले, संख्येत नाही. संभाजीनगर-जालना पट्ट्यातल्या कारखान्यांची हवा तपासणं हेच माझं काम आहे, आणि बहुतेक रिपोर्ट असेच असतात.

नेहमीच्या पद्धतीत कमरेला छोटा पंप आणि कॉलरला फिल्टरची डबी लावतात. पाळीभर हवा ओढायची, मग फिल्टरचं वजन करायचं. पण ५ मायक्रॉनचा (म्हणजे ५००० नॅनोमीटरचा) एक कण आणि ५० नॅनोमीटरचे दहा लाख कण यांचं वजन, धातू एकच असेल तर, सारखंच भरतं. कमानीच्या (आर्कच्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झोताच्या) उष्णतेने रॉडच्या धातूची वाफ होते, ती गार होताना हे बारीक कण जन्मतात आणि साखळ्यांसारखे एकमेकांना चिकटतात. संख्येने तेच जास्त, फुप्फुसात खोलवर जाणारेही तेच, आणि तराजूला मात्र त्यांची संख्या कळत नाही.

ते मोजायला कणमोजणी यंत्र लागतं. त्यात अल्कोहोलची वाफ कणांवर जमते, कण फुगतात आणि प्रकाशझोतातून जाताना एकेक मोजले जातात. कमान पेटली की आकडा उसळतो, विझली की उतरतो. इथे एक काळजी घ्यावीच लागते. डिझेलचा फोर्कलिफ्ट, ग्राइंडरची मोटर, बाहेरचा रस्ता, सगळे असेच कण सोडतात. म्हणून वेल्डिंग सुरू होण्याआधी त्याच जागेची हवा मोजून ठेवायची. हा आकडा रिपोर्टमध्ये नसेल, तर वेल्डिंगने किती भर घातली हे ठरवताच येत नाही.

तरी तुमच्या जागी मी आधी वेगळंच विचारलं असतं: डबी कुठे लावली होती? शेडच्या खांबाला लावून घेतलेला नमुना शेडची हवा सांगतो, भावाचा श्वास नाही. डबी नाका-तोंडापासून ३० सेंटीमीटरच्या आत हवी, आणि हेल्मेट वापरत असेल तर हेल्मेटच्या आत.

दुसरं, फिल्टरवरच्या धातूंची तपासणी झाली का? नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या यादीत वेल्डिंगच्या एकूण धुराची मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम होती. त्या धुरात समजा पाच टक्के मँगनीज असेल, तर ते ०.२५ मिलिग्रॅम झालं. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने फुप्फुसात खोल जाणाऱ्या मँगनीजसाठी २०१३ पासून ०.०२ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. म्हणजे ‘मर्यादेत’ असलेला माणूस त्या हिशोबाने बारापट वर असू शकतो! स्टेनलेस स्टीलचं काम असेल तर क्रोमियम आणि निकेल मागून घ्याच. वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये ठरवलं आहे.

भावाची छाती दाखवणं मात्र रिपोर्टसाठी थांबवू नका. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तिथे दाखवा, कामाचं स्वरूप सांगा आणि फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करून घ्या. पाळी संपल्यावर गूळ खाल्ल्याने धूर उतरतो असं आपल्याकडे सर्रास मानतात. फुप्फुसात बसलेला धातू गुळाने निघत नाही. तोंडाला बांधलेला रुमालही हे कण अडवत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ तरी हवा.

शेडमध्ये पंखा असेल तर तो बाजूने लावायला सांगा. पाठीमागून वारा आला की छातीसमोर भोवरा तयार होतो आणि धूर तोंडाकडेच वळतो. धूर ओढणारी नळी असेल तर तिचं तोंड कमानीपासून नळीच्या व्यासाएवढ्या अंतरात ठेवायचं. त्याहून लांब गेली की ओढ झपाट्याने कमी होते.