‘रोखे’ म्हणजे रोख का?

खानापूरहून प्रश्न आला आहे: "एनपीएसच्या (राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या) माहितीपत्रकात ‘निधीचा मोठा भाग सरकारी रोख्यांत’ असं लिहिलंय. आमच्याकडे कन्नडात पैशाला रोक्क म्हणतात. मग ही रक्कम रोखच ना? बाजार पडला तरी तिला धक्का नाही ना?"

रोख वेगळी, रोखा वेगळा. बेळगावच्या बाजारात सतत कानावर पडणारा रोक्क आणि आपली रोख एकाच कुळातले. रोखा मात्र अरबी ‘रुक्आ’ म्हणजे चिठ्ठी, तिथून फारसीमार्गे आला आणि देण्याघेण्याची लेखी कबुली झाला. सरकारला कर्ज दिल्याची कबुली तो सरकारी रोखा, कंपनीला दिल्याची तो कर्जरोखा. कन्नड ‘सालपत्र’ इथं जास्त स्पष्ट आहे, कारण साल म्हणजेच कर्ज. घोटाळा वाटला की विभक्ती पाहा: ‘रोखीत’ असेल तर नगद, ‘रोख्यांत’ असेल तर कर्जाऊ दिलेले पैसे.

आता धक्क्याचं. 7 टक्के व्याजाचा, 10 वर्षं मुदत उरलेला 100 रुपयांचा रोखा घ्या. बाजारातला दर 8 टक्के झाला, की त्याला सुमारे 93 रुपयेच मिळतात. नवा रोखा जास्त व्याज देत असताना जुना पूर्ण भावानं कोण घेईल? मुदतीअखेर 100 मिळतातच, पण मधल्या काळात एनएव्ही, म्हणजे निधीच्या एका युनिटचं मूल्य, खाली येते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला, तेव्हा जुन्या रोख्यांचे भाव असेच उतरले. ही घसरण बुडीत नव्हे. बुडीत ती, जेव्हा कर्ज घेणाराच पैसे देत नाही. 2018 मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीचं सर्वोच्च पतमानांकन (कर्ज फेडण्याच्या ऐपतीची श्रेणी) काही आठवड्यांत थकबाकीदारापर्यंत घसरलं आणि तिच्या कर्जरोख्यांत भविष्य निर्वाह निधींचेही पैसे अडकले.

म्हणूनच पेन्शन निधी नियामक प्राधिकरण गुंतवणुकीला कमाल मर्यादा घालतं आणि कर्जरोख्यांना किमान पतमानांकनाची अट लावतं. त्यानं एका कंपनीच्या बुडण्यानं सगळा निधी बुडत नाही. भावाचे चढउतार मात्र नियमानं थांबत नाहीत. माहितीपत्रकांनी नुसतं ‘रोखे’ न छापता ‘सरकारी कर्जरोखे’ छापावं, असं मला ठामपणे वाटतं. तोवर, गुंतवणुकीची वाटणी स्वतः निवडली असेल तर पत्रकातली अक्षरं पाहा: जी म्हणजे सरकारी रोखे, सी म्हणजे कंपन्यांचे, ई म्हणजे समभाग.