‘नॉलिवूड’मधले ‘वूड’ आले कोठून?

आफ्रिकेतील कोणत्याही चित्रपटाला ‘नॉलिवूडचा’, म्हणजे नायजेरियाच्या चित्रपटव्यवसायाचा, चित्रपट म्हणता येईल काय, आणि ‘नॉलिवूड’ हा शब्द ‘हॉलिवूड’वरून घेतला आहे काय, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. सेनेगलच्या दिग्दर्शकाविषयी लिहितानाही हा शब्द बेधडक वापरलेला मला वारंवार आढळतो आणि दर वेळी तितकाच खटकतो, कारण त्यातला ‘नॉ’ नायजेरियाचा आहे आणि सेनेगल हा वेगळा देश, वेगळी परंपरा आहे.

दुसरा प्रश्न अधिक रसाचा आहे. ‘नॉलिवूड’ हा शब्द प्रसिद्धीस आला तो २००२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधील एका लेखामुळे, परंतु त्याच्या तीन वर्षे आधी, १९९९ मध्ये, उत्तर नायजेरियातील कानो शहरात हौसा भाषेतील चित्रपटांसाठी ‘कॅनीवूड’ हा शब्द घडवला गेला होता. कानोच्या प्रेक्षकांनी लेबनीज व्यापाऱ्यांनी आणलेले हिंदी चित्रपट अनेक दशके पाहिले होते आणि हौसा चित्रपटांतील गाणी व नृत्ये त्याच वळणाची आहेत. त्यामुळे हे ‘वूड’ तेथे मुंबईमार्गे पोहोचले असे माझे ठाम मत आहे. नावात ‘वूड’ दिसले की अमेरिकेचे अनुकरण म्हणून मोकळे होणारे अभ्यासक कानोकडे पाहतच नाहीत. त्यांची व्युत्पत्ती मला आळशीपणाची वाटते.

याहून आनंददायक गोष्ट पुढे आहे. हॉलिवूडबाहेर हे ‘वूड’ पहिल्यांदा जोडले गेले ते बहुधा कलकत्त्यातील चित्रपट स्टुडिओंच्या टॉलिगंज भागाला, ‘टॉलिवूड’ या रूपात, आणि ते आढळते १९३२ मध्ये विल्फर्ड डेमिंग या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाच्या लेखात. तेव्हा आपल्याकडे बोलपट नुकताच आला होता. आफ्रिकेतील ‘वूड’ही असेच नव्या यंत्राच्या पाठोपाठ आले, आणि ते यंत्र व्हिडिओचे होते. नायजेरियातील निर्माते केनेथ न्नेब्वे यांनी १९९२ मध्ये इग्बो भाषेतील ‘लिव्हिंग इन बॉन्डेज’ हा चित्रपट थेट व्हीएचएस कॅसेटवर आणला आणि घरोघरी कॅसेट विकून चालणारा धंदा उभा राहिला. नैरोबीच्या रिव्हर रोडवरून पडलेले ‘रिव्हरवूड’ आणि कंपालाच्या वाकालिगा वस्तीवरून पडलेले ‘वाकालीवूड’ ही नावेही व्हिडिओवर, स्वस्त साधनांनी चित्रपट करणाऱ्यांचीच आहेत. म्हणून आफ्रिकेत हा प्रत्यय चित्रपट कोठे घडला यापेक्षा तो कशावर घडला हे अधिक सांगतो, असे मी मानतो.

याची दुसरी बाजू फ्रेंच वसाहतींत दिसते. तेथे १९३४ च्या लावाल आदेशाने चित्रीकरणासाठी सरकारी परवानगी सक्तीची केली होती आणि स्वातंत्र्यानंतरही पैसा व फिल्मवरील प्रक्रिया यांसाठी पॅरिसकडे पाहावे लागे. मॉस्कोत शिकून आलेले सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांनी १९६३ मध्ये ‘बोरोम सारेत’ केला तो फिल्मवर, आणि बुर्किना फासोची राजधानी वागादूगू येथील आफ्रिकी चित्रपट महोत्सवातील मुख्य स्पर्धेची ३५ मिलिमीटर फिल्मची अट २०१५ मध्ये उठली. ज्या परंपरेचा मान सेल्युलॉइडशी इतका बांधलेला होता, तिला ‘वूड’ चिकटले नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तेव्हा सेम्बेन यांच्या कृतींना सेनेगली चित्रपट म्हणावे, हौसा चित्रपटांना कॅनीवूडचे म्हणावे, आणि नॉलिवूड हा शब्द प्रामुख्याने दक्षिण नायजेरियातील चित्रपटव्यवसायासाठी राखून ठेवावा.