खाकरू नकोस

अरे,

परवा तालमीत तू तिसऱ्यांदा गाणं थांबवलंस आणि म्हणालास, "सर, सिगारेट ओढत होतो तेव्हा बरा गात होतो." सोडून बाविसावा दिवस ना? मीही मोजतोय. पेटीवाल्यासमोर बोललो नाही, म्हणून लिहितोय.

आधी ते खाकरणं बंद कर. कफ आला की तू घसा असा खरवडतोस की बाहेर गॅलरीत ऐकू येतं. दर खाकरण्याला दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात. सुजले की पुन्हा काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आणि तू पुन्हा खाकरतोस. घोटभर पाणी पी, आवंढा गिळ. गुळण्या हव्या तर कर, पण ते पाणी तंतूंपर्यंत जात नाही. गेलंच तर ठसका लागेल.

कफ वाढलाय तो सिगारेट सुटल्यामुळेच. श्वासनलिकेतली बारीक लव धुरानं लुळी पडलेली असते. धूर थांबला की ती पुन्हा हलायला लागते, साचलेलं वर ढकलते. सफाईवाल्यांचा संप मिटला की पहिले चार दिवस गल्लीत घाण जास्तच दिसते ना, तसं. काही आठवडे चालेल. खाकरू नकोस.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. १९९४ साली, सोडल्याच्या एकोणिसाव्या दिवशी, दादरच्या एका कार्यक्रमाआधी विंगेमागे मी एक पेटवली. खोकला दबला, गाणं झालं. ती एक पुढे अकरा वर्षं चालली. त्या काळात वाईट गायलो असं नाही हं. लोक म्हणायचे, आवाजात दर्द आहे. दर्द कसला, सूज होती ती! तंतूंच्या आवरणाखाली द्रव साचतो, तंतू जड होतात, आवाज खाली येतो. गायची पट्टी काळी दोनवरून मी खालच्या पांढरी एकवर उतरलो आणि त्याला भारदस्तपणा म्हणत राहिलो. तरी त्यातली दोन-तीन गाणी आज ऐकली की वाटतं, ती तशीच हवी होती. जाऊ दे.

सिगारेट सोडल्यावर ही सूज ओसरते, पण सगळ्यांची पूर्ण जातेच असं नाही. मधे आवाज पातळ, परका वाटेल. रोज तार षड्ज, वरचा सा, तपासत बसू नकोस. सकाळी हलक्या आवाजात खर्ज, खालचे स्वर, लाव, वीस मिनिटं पुरे. आणि पुन्हा सांगतो, खाकरू नकोस.

तुझा घसा मात्र सोडायच्या आधीपासून बसलेला आहे. तीन आठवड्यांवर घोगरेपणा टिकला की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं तंतू बघून घ्यायचे. यात चर्चा नाही. आणि वेपचं, त्या ई-सिगारेटचं, नावही काढू नकोस.

रविवारी आठला ये. सुट्या सिगारेटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, आमच्या खालच्या टपरीवाल्याला कोणी कळवलेलं दिसत नाही. मागच्या जिन्यानं ये.