पेनसिल्व्हेनिया २०२०: निकाल वाचायचा कसा?

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेच्या २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पेनसिल्व्हेनिया राज्यात काय झालं, यावरचा तुझा मसुदा वाचला. त्याचं पहिलंच वाक्य आहे, ‘फिलाडेल्फियाने बायडन यांना पेनसिल्व्हेनिया जिंकून दिलं.’ ते आधी खोड. ऐकायला बरं वाटतं, पण आकड्यांपुढे टिकत नाही. गंमत म्हणजे बायडन यांचे समर्थक आणि निकालावर संशय घेणारे, दोघेही हेच वाक्य वापरतात.

राज्याचा निकाल असा: डेमोक्रॅटिक पक्षाचे जो बायडन ३४,५८,२२९, रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प ३३,७७,६७४, लिबर्टेरियन पक्षाच्या जो जॉर्गेन्सन ७९,३८०. मताधिक्य ८०,५५५, म्हणजे १.१६ टक्के. फरक अर्ध्या टक्क्यावर किंवा त्याखाली आला तर तिथे फेरमोजणी आपोआप लागते. इथे ती वेळ आली नाही. आता याच्या शेजारी २०१६ ठेव: ट्रम्प २९,७०,७३३, हिलरी क्लिंटन २९,२६,४४१, ट्रम्प यांना ४४,२९२ ची आघाडी. चार वर्षांत ट्रम्प यांची मतं ४,०६,९४१ ने वाढली आणि डेमोक्रॅटिक उमेदवाराची ५,३१,७८८ ने. तुझ्या मसुद्यात ‘ट्रम्प यांचा जनाधार आटला’ असं आहे, ते या दोन आकड्यांसमोर उभंच राहत नाही. दोन्ही वाढींतला फरक १,२४,८४७. हे सव्वा लाख राज्याच्या कुठल्या भागातून आले, एवढाच तुझ्या लेखाचा प्रश्न आहे. बाकी सगळं त्याच्या अनुषंगाने.

त्यासाठी तक्ता कर. काउंटी, म्हणजे राज्याचे जिल्ह्यांसारखे विभाग, ६७, म्हणून ओळी ६७. रकाने सहा पुरेत: २०१६ ची दोन्ही पक्षांची मतं, २०२० ची दोन्ही पक्षांची मतं आणि दोन्ही वर्षांचं मताधिक्य. सातव्या रकान्यात मताधिक्यातला बदल काढ, टक्क्यांत नाही, मतांत. हा रकाना मोठ्याकडून लहानाकडे लावलास की अर्धा लेख तिथेच झाला. टक्क्यांवर क्रम लावलास तर काही हजार मतदारांची डोंगराळ काउंटी वर येते आणि पाच लाख मतांची माँटगोमेरी खाली जाते. नकाशाही तसाच फसवतो. रिपब्लिकनांच्या लाल रंगाने भरलेला मधला पट्टा प्रचंड दिसतो, पण माणसं राहतात पूर्वेला फिलाडेल्फियाभोवती आणि पश्चिमेला पिट्सबर्गभोवती.

रकाना लावलास की फिलाडेल्फिया कुठे येतं बघ; ते शहरही आहे आणि काउंटीही. २०१६ मध्ये क्लिंटन यांची तिथली आघाडी सुमारे ४ लाख ७५ हजार होती. २०२० मध्ये बायडन यांची सुमारे ४ लाख ७१ हजार. म्हणजे शहरातलं मताधिक्य थोडं घटलं. ट्रम्प यांची शहरातली मतं १ लाख ९ हजारांवरून १ लाख ३३ हजारांवर गेली. वाढ झाली ती शहराला लागून असलेल्या बक्स, चेस्टर, डेलावेअर आणि माँटगोमेरी या चार उपनगरी काउंट्यांत. माँटगोमेरीत आघाडी ९३ हजारांवरून १ लाख ३४ हजारांवर गेली, चेस्टरमध्ये साडेपंचवीस हजारांवरून जवळपास ५४ हजारांवर. चौघी मिळून डेमोक्रॅटिक आघाडी लाखभराने वाढली. पिट्सबर्गच्या अ‍ॅलेघेनी काउंटीने आणखी ४० हजारांच्या आसपास भर घातली. ही बेरीज सव्वा लाखाच्या वर जाते, कारण ग्रामीण पट्ट्यात ट्रम्प यांनीही आपली आघाडी वाढवली आणि त्यातलं काही खाऊन टाकलं. चेस्टरने २०१२ मध्ये निसटत्या फरकाने का होईना, पण रिपब्लिकन उमेदवार मिट रॉमनी यांना साथ दिली होती. पदवीधर, सुखवस्तू उपनगरांनी बाजू बदलली ही खरी बातमी आहे, आणि मसुद्यात तिला एक ओळही नाही.

आता ‘रात्रीत निकाल फिरला’ हा तुझा परिच्छेद. इथे आपल्याकडच्या मोजणीची सवय आड येते. आपल्याकडे सकाळी आठला आधी टपाली मतपत्रिका उघडतात, मग मतदान यंत्रं. पेनसिल्व्हेनियात क्रम उलटा पडला. ‘अ‍ॅक्ट ७७’ या राज्याच्या २०१९ च्या कायद्याने कुठलंही कारण न देता टपालाने मत देण्याची मुभा दिली, पुढच्याच वर्षी करोना आला आणि अशी सुमारे २६ लाख मतं पडली. पण मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी एकही लिफाफा उघडायचा नाही, हे कायद्याने ठरलेलं. त्याआधी उघडायची परवानगी द्यावी अशी काउंट्यांची मागणी होती. विधिमंडळात ती अडली.

एक लिफाफा उघडायला किती हात लागतात ते लेखात दाखव, वाचकाला उशीर आपोआप कळेल. बाहेरच्या लिफाफ्यावर मतदाराची सही आणि तारीख असते. ती केलेली आहे का बघायचं आणि मतदाराचं नाव यादीशी ताडायचं. मग तो कापून आतला कोरा गोपनीयतेचा लिफाफा काढायचा. आतले लिफाफे एकमेकांत मिसळायचे, म्हणजे कोणतं मत कोणाचं हे कळू नये. मग तेही कापायचे, घडी पडलेली मतपत्रिका उलट दुमडून सपाट करायची, कारण घडी राहिली तर स्कॅनर अडतो. त्यानंतर कुठे मत मोजलं जातं. मतपत्रिका आतल्या लिफाफ्याशिवाय थेट बाहेरच्यात घातली असेल तर ते मत बाद. तिथे अशा मतपत्रिकेला ‘नागडी’ म्हणतात आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ती बाद धरावी असा निर्णय दिला.

हे सगळं होईपर्यंत केंद्रांवरची मतं मोजून झाली होती. दोन्ही गठ्ठे वेगवेगळे बघ: केंद्रावर जाऊन दिलेल्या मतांत ट्रम्प सुमारे २७ लाख, बायडन १४ लाख, टपाली मतांत बायडन जवळपास २० लाख, ट्रम्प ६ लाख. टपाली मतदानावर विश्वास ठेवू नका असं ट्रम्प स्वतःच महिनोन्महिने सांगत होते, त्यामुळे त्यांचे मतदार केंद्रावर गेले. म्हणून ४ नोव्हेंबरच्या पहाटे ट्रम्प जवळपास सात लाखांनी पुढे दिसले, शुक्रवारी ६ तारखेला सकाळी बायडन पुढे गेले आणि शनिवारी ७ तारखेला अकराच्या सुमारास असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने राज्य त्यांच्या नावावर लावलं. पेट्यांतली मतं सगळा वेळ तीच होती. बदलत होतं ते फक्त, त्यातली कोणती आधी मोजली. फ्लोरिडात लवकर आलेली मतं आधीच तयार ठेवता येतात, तिथे निकाल त्याच रात्री लागला. दोन राज्यांची अशी तुलना चार ओळींत जरूर दे.

‘अमेरिकेच्या निवडणूक आयोगाने जाहीर केलं’ हेही वाक्य काढ. आपल्यासारखा देशभर निवडणूक घेणारा आयोग तिथे नाही. त्यांचं फेडरल इलेक्शन कमिशन प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघतं. मतमोजणी प्रत्येक काउंटी करते आणि निकाल राज्य प्रमाणित करतं. पेनसिल्व्हेनियाने ते २४ नोव्हेंबरला केलं. वृत्तसंस्था जे ‘जाहीर’ करतात तो अंदाज असतो, कायदेशीर निकाल नव्हे. राज्याची इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची मतं, २०२० मध्ये २० होती आणि ती एकगठ्ठा विजेत्याला जातात, हेही एकदा स्पष्ट लिही. सगळ्यांना ते माहीत असतं असं धरून चालू नकोस.

गैरप्रकाराच्या आरोपांवर तू दोन पानं खर्ची घातलीस. एक परिच्छेद पुरे. त्यात एक गोष्ट ठेव, जी फारसं कोणी सांगत नाही. त्याच मतपत्रिकेवर राज्याची आणखी पदं होती. महालेखापरीक्षक आणि कोषाध्यक्ष ही दोन पदं त्या दिवशी रिपब्लिकनांनी जिंकली. अ‍ॅटर्नी जनरल म्हणून डेमोक्रॅट जॉश शपिरो निवडून आले आणि त्यांना बायडनपेक्षाही थोडी जास्त मतं पडली. खोट्या मतपत्रिका घुसवणारा माणूस वरचं एकच नाव भरून खालची दोन पदं विरोधी पक्षाला सोडून देईल का, हा प्रश्न वाचकापुढे ठेव आणि पुढे जा. मतदानाच्या दिवसानंतर पोहोचलेल्या, वेगळ्या ठेवलेल्या मतपत्रिकांचा वाद खूप गाजला, पण त्या होत्या सुमारे दहा हजार. ८०,५५५ समोर त्यांनी काही बिघडत नव्हतं.

तीन सापळे. बायडन यांना ‘५०.०१ टक्के’ मतं हा आकडा छापलेल्या तीन उमेदवारांच्या बेरजेवर काढलेला आहे. मतदारांनी हाताने लिहिलेली नावं धरली तर तोच आकडा पन्नासच्या खाली जातो. म्हणून ‘निम्म्याहून अधिक’ लिहिण्याआधी भागाकार कशाने केला ते बघ. दुसरं, तिथे मतदार नोंदणी करतानाच पक्ष सांगतात, पण नोंदणी म्हणजे मत नव्हे. त्या वेळी नोंदणीकृत डेमोक्रॅट रिपब्लिकनांपेक्षा सहा लाखांहून जास्त होते, आघाडी मिळाली ऐंशी हजारांची. नैर्ऋत्येकडच्या जुन्या कोळसा पट्ट्यात, उदाहरणार्थ फेएट काउंटीत, आजोबांच्या काळापासून डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेली घरं बिनदिक्कत ट्रम्प यांना मत देतात. तिसरं, मतदानोत्तर चाचण्या. त्या वर्षी निम्मी जनता केंद्रावर फिरकलीच नाही असं नव्हे, पण लाखो लोक घरून मत देत होते; ‘अमुक गटाने इतके टक्के दिले’ असं दशांशात लिहू नकोस.

ईरी आणि नॉर्थम्प्टन या दोन काउंट्यांना स्वतंत्र चौकट दे. दोघींनी ओबामांना दोनदा निवडलं, २०१६ मध्ये ट्रम्प यांना, २०२० मध्ये बायडन यांना. ईरीत फरक जेमतेम चौदाशे मतांचा होता. विल्क्स-बॅरी शहराची लुझर्न काउंटी मात्र २०१६ मध्ये ट्रम्प यांच्याकडे गेली ती परत आली नाही. औद्योगिक पट्टा एकसारखा वागतो असं समजणाऱ्यांना तिथे अडखळायला होतं.

मसुदा दुरुस्त झाला की त्याच तक्त्याला २०२४ चे रकाने जोड. त्या वर्षी ट्रम्प यांनी राज्य १,२०,२६६ मतांनी परत घेतलं, इलेक्टोरल मतं जनगणनेनंतर १९ झाली होती आणि निकाल पहाटे अडीचच्या आतच कळला, कारण टपाली मतं कमी होती आणि २०२२ च्या कायद्याने काउंट्यांना अनुदानाच्या बदल्यात मोजणी न थांबवता पूर्ण करायला लावलं होतं. ईरी आणि नॉर्थम्प्टन पुन्हा फिरल्या. बक्स काउंटी ट्रम्प यांच्याकडे गेली, २९१ मतांनी. २०२० च्या लेखात चार उपनगरांना एकाच वाक्यात बांधशील तेव्हा बक्सला थोडं वेगळं ठेव. तिथली आघाडी तेव्हाही चौघींत सर्वात कमी, सतरा हजारांच्या घरात होती.

तक्ता आधी पाठव, लेख मागाहून.